गिऱ्हाईक जोडण्याचे भांडवल

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला. त्या म्हणाल्या, "आमच्या पुष्कळ सभासद घरी काही ना काही धंदा करतात. जाहिरातीवर पैसा घालावा की घालू नये, यावर दर सभेला वाद होतो. तो एकदा मिटवून टाका." वाद मिटवण्याइतका अधिकार माझा नाही. परंतु लहान धंद्यांचे जमाखर्च लिहून देण्याचे काम मी करते, आणि वह्यांतून जे दिसते ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच आजचा हेतू आहे.

आपल्यापैकी कोणी भाजणी आणि मेतकूट करते, कोणी पोळीभाजीचे डबे देते, कोणी ब्लाउज शिवते, कोणी शिकवणी घेते. धंदे निरनिराळे, पण वह्या मात्र बहुतेक सारख्याच असतात. डाळ, तेल, गॅस, दळणाचे पैसे, रिक्षाभाडे, हे सर्व नीट लिहिलेले असते. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी काय खर्चले ते पाहू गेल्यास एक तर काहीच सापडत नाही, किंवा पानाच्या तळाशी 'किरकोळ' या सदरात ते दडलेले असते. आणि एखादा महिना ओढगस्तीचा आला की पहिली कात्री लागते ती याच रकमेला. डाळ कमी घालता येत नाही, तेल कमी घालता येत नाही. मग काय, यंदा प्रदर्शनात टेबल घ्यायला नको, छापील कागद नकोत!

माझे म्हणणे असे की, हा पैसा 'किरकोळ' या सदरातला नव्हेच. तो भांडवलाच्या सदरातला आहे.

हल्ली ज्याला सर्रास मार्केटिंग म्हणतात त्याचा अर्थ केवळ जाहिरात असा नाही. आपला माल कोणाला हवा आहे ते शोधणे, त्यांच्यापर्यंत आपले नाव पोहोचवणे, त्यांनी एकदा घेतल्यावर ती पुन्हा येतील अशी व्यवस्था ठेवणे, हे सारे त्यात येते. आपल्या साध्या भाषेत त्याला 'गिऱ्हाईक जोडणे' म्हणावे. 'जोडणे' हा शब्द मला फार आवडतो. माणसे जोडावी लागतात, ती विकत मिळत नाहीत.

आता खर्च आणि भांडवल यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला हवा असे नाही. गॅस जळला, संपला, तो खर्च. शिवणाचे यंत्र घेतले, ते दहा वर्षे काम देते, ते भांडवल. याहूनही जवळचे उदाहरण हवे असेल तर विरजणाचे घ्या. दही कितीही थोडे असले आणि पानावर कितीही माणसे असली, तरी आपण चमचाभर दही बाजूला काढतोच. तो चमचा वाया गेला असे कोणी म्हणत नाही, कारण उद्याचे दही त्यातून लागायचे असते. शेतकऱ्याच्या घरातही पेरणीचे बी निराळ्या कणगीत असते; पोटाला चिमटा घेतील, पण त्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक जोडण्यासाठी ठेवलेला पैसा हा असाच विरजणाचा चमचा आहे. महिना वाईट गेला म्हणून तो आधी खाऊन टाकणे यात काटकसर नाही.

नुसत्या दाखल्यांनी पोट भरत नाही, म्हणून आकडे मांडू. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत, प्रत्येकीने आपापले घालून पाहावेत.

समजा एक भगिनी भाजणी करते. धान्य, भाजणे, दळण, पाकीट आणि तिची स्वतःची मजुरी धरून किलोमागे २५० रुपये पडतात. मजुरी धरून, हे मुद्दाम सांगते. कारण आपल्यापैकी निम्म्याजणी ती धरतच नाहीत आणि मग 'मला चांगले सुटतात' या भ्रमात राहतात. ही भाजणी ती ३२० रुपये किलोने विकते. म्हणजे किलोला ७० रुपये उरतात.

दिवाळीआधी तिने नवी गिऱ्हाइके जोडण्यासाठी ३,५०० रुपये काढले. नावाची लेबले आणि पाकिटे यांना १,२०० गेले. चार किलो भाजणीच्या शंभर लहान पुड्या बांधून नमुना म्हणून वाटल्या, त्याला १,००० लागले. प्रदर्शनातल्या टेबलाचे भाडे १,३०० पडले. यातून वीस नवी घरे आली आणि प्रत्येकाने दोन किलो भाजणी नेली. चाळीस किलोमागे ७० रुपयांप्रमाणे २,८०० रुपये सुटले. घातले ३,५००, आले २,८००. सातशे रुपयांची खोट!

नेमक्या याच जागी आपल्या बहुतेक भगिनी वही मिटतात. "जाहिरातीचे पैसे बुडाले बाई," असे म्हणतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. पण वही मिटू नका, पुढचे पान पाहा. त्या वीस घरांपैकी आठ घरे पुन्हा आली नाहीत असे धरू. बारा घरांना चव आवडली आणि ती महिन्याला एकेक किलो नेऊ लागली. बारा किलोचे महिन्याला ८४० रुपये झाले. पहिल्याच महिन्यात सातशेची खोट भरून निघाली, आणि उरलेल्या वर्षात, म्हणजे अकरा महिन्यांत मिळून ९,२४० रुपये आले. एकेका कायमच्या घरामागे तिला साठ रुपयेसुद्धा पडले नाहीत. एक महिन्याचा हिशेब केला तर बुडीत, वर्षाचा केला तर बरकत. बी पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्याला पीक कधीच दिसत नाही.

हाच हिशेब उलटही बोलतो. वीसपैकी बाराऐवजी दोनच घरे परत आली असती तर महिन्याला १४० रुपये सुटले असते आणि खोट भरायला पाच महिने लागले असते. तेव्हा समजावे की मालात, किमतीत किंवा गिऱ्हाईक निवडण्यात काहीतरी चुकते आहे. ते आधी सुधारावे, मग पुन्हा पैसा घालावा. भांडवलाचा हाच तर गुण आहे की त्याचा जाब विचारता येतो.

आता काही भगिनी म्हणतील, "आम्ही या भानगडीत पडतच नाही. माल दुकानदाराला सुटा देतो, तो विकतो. जाहिरातीचा एक पैसा खर्च नाही." मैत्रिणींनो, इथे मात्र माझे बोलणे जरा मन लावून ऐका, कारण खरा मुद्दा हाच आहे.

तीच भाजणी दुकानदार २७० रुपये किलोने घेतो आणि आपल्या दुकानाचे नाव असलेल्या पाकिटात भरून ३२० ने विकतो. आपल्या भगिनीला किलोला २० रुपये सुटले. मधले ५० रुपये कशाचे? त्याने जागेचे भाडे भरले, दिवाबत्ती केली, पाकीट घातले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षानुवर्षे गिऱ्हाईक जोडून ठेवले. त्या भांडवलावरचा नफा तो घेतो. यात त्याचे काहीच चुकत नाही. परंतु 'जाहिरातीवर माझा एक पैसाही जात नाही' हे म्हणणे मात्र खरे नव्हे. महिन्याला दहा किलो माल दिला तर महिन्याचे ५०० आणि वर्षाचे ६,००० रुपये आपण सोडून देतो. फरक एवढाच की ते आपल्या वहीत दिसत नाहीत, आणि त्यांतून जे नाव वाढते ते आपले नसते. उद्या त्याला दुसरीकडून २६० ने भाजणी मिळाली की दहा वर्षांची आपली चव एका दिवसात अनोळखी होते, कारण खाणाऱ्यांना ती कोणाची हे ठाऊकच नसते. हात आपले, चव आपली आणि नाव दुसऱ्याचे! दुकानदाराला माल अवश्य द्या. पण जमेल तेथे तो आपल्या नावाच्या पाकिटात द्या.

नावाला केवढी किंमत असते याची साक्ष आपल्याच गिरगावात आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार केली. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. स्वस्त म्हणून हलका पापड काढायचा नाही, एकच प्रत राखायची. आणि हे दानधर्माचे काम न समजता धंदा म्हणून चोख हिशेब ठेवायचा. पुढे १९६२ साली त्यांनी मालाला नाव देण्यासाठी स्पर्धा ठेवली. बक्षीस होते पाच रुपयांचे. त्यातून 'लिज्जत' हे नाव निघाले. दूरदर्शनच्या जमान्यात रामदास पाध्ये यांच्या बोलक्या सशाने ते घरोघरी पोहोचवले. आरंभीच्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आज पापड लाटणाऱ्या हजारो भगिनी आहेत, पण पाकिटावर नाव एकच आहे आणि ते त्यांचे सर्वांचे आहे. पाच रुपये बक्षिसाला गेले तेव्हा कोणी ते 'किरकोळ' सदरात लिहिलेही असतील. पण त्या पाच रुपयांचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी घरांना आणखी जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि नांगर घ्यायला कोणी धजत नव्हते. माल उत्तम होता, पण तो पडून होता. गैरसमज दूर करणे, शेतकऱ्याला पटवणे, हे नांगर ओतण्याइतकेच मोठे काम होऊन बसले. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणे हा त्याचा मूळ हेतू. परंतु त्यांनी नुसता स्वतःच्या मालाचा डंका पिटला नाही. वाचणाऱ्याला उपयोगी पडेल, आवडेल असा मजकूर दिला. त्याच मासिकाचे पुढे 'किर्लोस्कर' झाले आणि १९३० साली त्याच घराण्यातून 'स्त्री' मासिक निघाले. आपल्या आज्या आणि आया ज्या मासिकाची वाट पाहत, त्याचे मूळ नांगराच्या जाहिरातीत होते! गिऱ्हाइकाला काहीतरी द्यावे, मग ते आपले होते, हा धडा यातून घ्यावा.

आपल्यासारख्यांनी मासिक काढायला नको. मेतकुटाच्या पाकिटावर 'लहान मुलांना मऊ भातावर तूप घालून द्यावे' एवढी एक ओळ छापली तरी पुरे. ब्लाउज शिवणारीने कापडाचा अर्ज कसा मोजावा हे गिऱ्हाइकाला समजावून दिले, तर ती बाई पुढच्या वेळी आणखी दोघींना घेऊन येते.

एक आक्षेप मात्र नेहमी निघतो : चांगल्या मालाला जाहिरात कशाला लागते? यात अर्धे सत्य आहे. चांगला माल बोलतो खरा, पण तो जिभेवर पडल्यानंतर बोलतो. त्याआधी कोणीतरी त्याच्या वतीने बोलावेच लागते. आपल्याकडे म्हणतातच की बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. माल वाईट असेल तर मात्र जाहिरातीइतके घातक दुसरे काही नाही, कारण तो वाईट आहे ही बातमी तीच चहूकडे लवकर पोहोचवते.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, तो मनात असतो. आपणच आपली स्तुती कशी करायची? लहानपणापासून आपल्याला तसे वळणच नाही. मला वाटते, इथे थोडी गल्लत होते. वस्तूचे नाव, वजन, किंमत, केल्याची तारीख, कोठे मिळेल ते, एवढे सांगणे म्हणजे आत्मस्तुती नव्हे. ती माहिती आहे आणि ती मिळणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. खोटे मात्र एक अक्षरही लिहू नये. 'मधुमेह बरा करणारे लाडू' असले काही छापणे पाप तर आहेच, पण गुन्हाही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता हिशेबनीस म्हणून एक खुलासा करणे मला भाग आहे. आयकराच्या हिशेबात जाहिरातीचा पैसा साधारणपणे त्या-त्या वर्षाच्या खर्चातच धरतात, आणि आपण स्वतः कमावलेले नाव ताळेबंदात मालमत्ता म्हणून मांडता येत नाही. सरकारी वहीत तो खर्चच. तो तसाच लिहावा. पण बाजार त्या नावाला पैसे मोजतो. १९९३ साली रमेश चौहान यांच्या पारले कंपनीकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पेये कोकाकोलाने विकत घेतली. साखर-पाणी कोणालाही मिळते. त्यांनी किंमत मोजली ती प्रामुख्याने लोकांच्या तोंडी बसलेल्या नावांची. म्हणून सरकारी वहीशेजारी आपली अशी एक लहान वही ठेवा आणि तिच्यात गिऱ्हाईक हे भांडवल म्हणून लिहा.

ही वही कशी ठेवावी ते थोडक्यात सांगते.

विक्री झाल्याबरोबर किलोमागे किंवा नगामागे ठरावीक रक्कम निराळ्या डब्यात टाकावी. वरच्या उदाहरणात ७० पैकी १० रुपये टाकले तरी चालतील. डब्यात पैसे टाकून ठेवण्याची विद्या आपल्याला आईने शिकवलीच आहे. जाहिरातीसाठी कर्ज काढू नये. डब्यात जेवढे असेल तेवढ्यातच भागवावे. आणि त्या डब्याला वाईट महिन्यात हात लावू नये.

नवे गिऱ्हाईक आले की एकच प्रश्न विचारावा : "आमचे नाव कोठून कळले?" शेजारणीकडून, प्रदर्शनातून, की व्हॉट्सॲपवरून? उत्तर त्याच्या नावापुढे लिहावे. वर्षाअखेर पैसा कोठे फळला आणि कोठे नाही ते आपोआप दिसेल. पुढच्या वर्षी फळला तेथे वाढवावा, फळला नाही तेथे थांबवावा.

जे फुकट मिळते ते आधी घ्यावे. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करायला पैसे पडत नाहीत. व्हॉट्सॲपवरही पडत नाहीत. पण आपला वेळ पडतो, तोही हिशेबात धरावा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ चित्रे पाठवून लोकांना त्रास देऊ नये. विको कंपनीच्या केशव पेंढरकरांनी १९५२ च्या सुमारास आपले दंतमंजन दारोदार फिरून विकले. पाय झिजवणे हेही भांडवलच आहे, आणि ते आपल्यापाशी भरपूर आहे.

धंदा स्थिरावला की नावाची नोंदणी करून घ्यावी. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. २०१७ च्या नियमांप्रमाणे व्यक्तीला एका वर्गासाठी संगणकावरून अर्ज करण्याचे शुल्क ४,५०० रुपये ठरले. दहा वर्षांवर वाटले तर वर्षाला ४५० रुपये झाले. इतक्यात आपले नाव दुसऱ्याने वापरू नये म्हणून कायद्याचा आधार मिळतो. याला खर्च म्हणायचे की घराला कुलूप म्हणायचे, ते तुम्हीच ठरवा.

शेवटी मंडळालाच एक विनंती. दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्या सभासदांच्या वस्तूंची विक्री असते. पुढल्या वर्षी या टेबलांवर सुट्या पिशवीतली एकही वस्तू नसावी. प्रत्येक पाकिटावर करणारीचे किंवा तिच्या धंद्याचे नाव असावे. ज्यांना एकट्याने लेबले छापणे परवडत नाही अशा पाच-दहाजणींनी मिळून छापावीत. मंडळाने छापखान्याशी एकदाच बोलावे. आणि वर्षभराने प्रत्येकीने आपली ती लहान वही सभेत आणावी. जाहिरातीवर पैसा घालावा की नाही हा वाद मग माझ्यासारख्या पाहुणीने मिटवायला नको. तुमच्या वह्याच तो मिटवतील.